लोहाचा जमाखर्च



ह्या व्यासपीठावरून वेदान्तापासून विमानविद्येपर्यंत अनेक विषयांवर विद्वानांची व्याख्याने आपण ऐकत आला आहात. मी विद्वान नाही आणि डॉक्टरही नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार संघाच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या तक्रारअर्जांतून झाले. मग रक्तातल्या लोहाविषयी बोलण्याचा अधिकार ह्याला कोणी दिला, असे आपल्या मनात आले तर ते साहजिक आहे. ह्याचे उत्तर एवढेच की, आमच्या कचेरीत वर्षानुवर्षे एकच तक्रार निरनिराळी नावे घेऊन येते. मालक म्हणतो, "हिचे काम उतरले." मुकादम म्हणतो, "हा अंगचोर आहे." सासू म्हणते, "सुनेला झोपच फार." मास्तर म्हणतात, "पोराचे लक्ष नाही." ह्या चारही तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा शरीरातले लोह कमी पडलेले असते. ही उणीव रक्ताच्या तपासणीत कळते आणि थोड्या पैशांत भरून निघते. तरीही माणसे ती दहा-दहा वर्षे अंगावर काढतात, कारण तिला आजाराचे नाव न मिळता स्वभावाचे नाव मिळते. कोणाच्या थकव्याला आळस म्हणण्यापूर्वी त्याच्या लोहाचा हिशेब पाहावा, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

लोहाचे काम

रक्ताचा तांबडा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. फुप्फुसांतून प्राणवायू उचलावयाचा आणि तो मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत पोचवावयाचा, ही हमाली ते रात्रंदिवस करते. हमालाच्या हाती पोते उचलण्याचा आकडा असतो ना, तसे हिमोग्लोबिनाच्या हाती लोह असते. आकडा नसला तर हमाल कितीही धिप्पाड असो, पोते जागचे हलत नाही.

धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातून फार तर एक खिळा घडेल. ह्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनात गुंतलेले असते. काही स्नायूंत असते, आणि उरलेले यकृतात, प्लीहेत व हाडांच्या मगजात शिल्लक म्हणून ठेवलेले असते. ज्या द्रव्यात ही शिल्लक साठविली जाते त्याचे नाव फेरिटिन.

शरीर ह्या पुंजीचा संसार मोठ्या काटकसरीने चालविते. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह भंगारात जात नाही. ते काढून घेऊन नव्या पेशींसाठी वापरले जाते. अशा रीतीने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह घरच्या घरी फिरते. बाहेरून अन्नातून रोज घ्यावे लागते ते अवघे एक ते दोन मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र वाट शरीरापाशी नाही, म्हणून आत घेतानाच ते मोजून घेते. हा दरवाजा राखणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक यकृतात तयार होते. त्याचा शोध ह्या शतकाच्या आरंभी लागला. शिल्लक भरलेली असली की हेप्सिडिन वाढते व दार लोटून घेतले जाते. शिल्लक आटली की हेप्सिडिन उतरते आणि दार उघडते.

आता कामगाराच्या भाषेत सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे हातातला चालू पगार आणि फेरिटिन म्हणजे भविष्य निर्वाह निधी. संप लांबला म्हणजे आपण काय करतो? आधी शिल्लक मोडतो, मग उधारीवर भागवितो, आणि सर्वांत शेवटी चूल थंडावते. लोहाचे तसेच आहे. आवक कमी आणि जावक जास्त झाली की प्रथम फेरिटिन उतरते. त्या वेळी हिमोग्लोबिन पाहावे तर ते ठीक दिसते. पुढे मगजाला नव्या पेशी बनविण्यापुरते लोह मिळेनासे होते, आणि त्यानंतर हिमोग्लोबिन घसरू लागते. ह्या शेवटच्या पायरीला आपण रक्तक्षय म्हणतो. म्हणजे रक्तक्षय कागदावर दिसतो त्याच्या किती तरी आधी निधी रिकामा झालेला असतो. "हिमोग्लोबिन बारा आहे, मग थकवा कसला?" असे म्हणून ज्यांना परत पाठविले जाते, त्यांच्यापैकी काहींचा खुलासा फेरिटिनच्या तपासणीत होतो.

आकडे सांगावयाचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १३ ग्रॅमपेक्षा कमी, गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ पेक्षा कमी, आणि गरोदर स्त्रीचे पहिल्या व शेवटच्या तिमाहीत ११ पेक्षा व मधल्या तिमाहीत साडेदहापेक्षा कमी असले म्हणजे तो रक्तक्षय. निरोगी प्रौढाचे फेरिटिन दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले म्हणजे शिल्लक संपली असे धरतात, आणि ३० च्या खाली आल्यावरच पुष्कळ डॉक्टर सावध होतात. अंगात ताप किंवा सूज असली तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून हा आकडा डॉक्टरकडूनच वाचून घ्यावा.

ह्या देशात हे दुखणे किती पसरले आहे? २०१९ ते २०२१ ह्या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५७ स्त्रिया, शेकडा २५ पुरुष आणि पाच वर्षांखालील शेकडा ६७ मुले रक्तक्षयाची आढळली. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर केलेले हे माप शिरेतल्या रक्ताच्या मापाशी नेहमी जुळत नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे व तो रास्त आहे. पण आकडा थोडा खाली आणला तरी शरम वाटण्याजोगे पुष्कळ उरते.

खर्चाची बाजू

जमाखर्चात तूट आली की दोन गोष्टी तपासावयाच्या: जमा कमी झाली, की खर्च वाढला? लोहाच्या बाबतीत पुष्कळ लोक जमेकडेच पाहतात. "पालक खा, बीट खा," एवढा उपदेश केला की आपले काम संपले असे त्यांना वाटते. माझे म्हणणे असे की आधी खर्चाचे पान उलटावे.

एक मिलिलिटर रक्त गेले म्हणजे सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह गेले. पुरुषाचा रोजचा खर्च एक मिलिग्रॅमच्या आसपास असतो. स्त्रीला तेवढा खर्च आहेच, शिवाय पाळीचा खर्च वेगळा. पाळीत महिन्याला सामान्यतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे रोजच्या हिशेबात आणखी अर्धा-पाऊण मिलिग्रॅम लोह. ८० मिलिलिटरहून अधिक जात असेल तर तो अतिरक्तस्राव समजावा. घरात मापे घेऊन कोणी बसत नाही. पण दर तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागणे, गाठी पडणे, सात दिवसांहून जास्त चालणे ही त्याची ओळख आहे. गर्भाशयातल्या गाठी, संप्रेरकांचा बिघाड, कधी तांब्याची तांबी बसविलेली असणे, अशी त्याची कारणे असतात. त्यांवर इलाजही आहेत. परंतु "बाईच्या जातीला हे असायचेच" असे म्हणून कितीतरी बायका वीस-वीस वर्षे हा खर्च निमूटपणे सोसतात.

गरोदरपणाचा हिशेब तर ह्याहून मोठा आहे. मूल, वार, वाढलेले रक्त आणि बाळंतपणातला रक्तस्राव मिळून सुमारे एक ग्रॅम लोह लागते. स्त्रीची शिल्लक बहुधा तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीही भरलेली असली तर! ही तूट नुसत्या ताटातून भरून निघत नाही. म्हणूनच गरोदरपणी गोळ्या देतात.

तिसरा खर्च अंकुशकृमींचा. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. ह्यांच्या दोन जातींपैकी एका जातीतला एकेक कृमी दिवसाला पाव मिलिलिटरहून थोडे कमी रक्त घेतो. पोटात असे शंभर कृमी असले तर दिवसाला १५ ते २० मिलिलिटर रक्त जाते. स्त्रीचे महिन्याच्या पाळीत जाते त्याच्या निम्मे रक्त इथे एका दिवसात गेले! ह्या कृमीची कथा कामगार चळवळीच्या माणसाने विसरू नये अशी आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉटहार्ड पर्वताखालून रेल्वेचा बोगदा खोदण्याचे काम १८७२ ते १८८२ पर्यंत चालले होते. तेथील मजूर पांढरेफटक पडू लागले, धापा टाकू लागले. पुढे इटालियन संशोधक पेरॉनचितो ह्याने त्यांच्या पोटात हे कृमी दाखवून दिले. बोगद्यात उबारा व ओल होती, संडासाची सोय नव्हती. माणसे तेथेच बसत आणि तेथूनच अनवाणी चालत. ह्या कृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते, हे त्यानंतर कैरो येथे लूस नावाच्या शास्त्रज्ञाला कळले. तेव्हा त्या मजुरांना पौष्टिक आहाराइतकीच गरज होती ती संडासाची आणि पायांतल्या जोड्यांची. आजही वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा हिशेब बदललेला नाही.

चौथा खर्च सर्वांत फसवा, कारण तो दिसत नाही. जठरातला व्रण, मूळव्याध, आतड्यातली गाठ ह्यांतून थेंब थेंब रक्त जात राहते. पाठ दुखते, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊन रोज खाणारे कामगार पुष्कळ आहेत. त्या गोळ्यांनी जठराला जखम होऊन रक्त झिरपते, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा नियम लिहून ठेवा: पुरुषाचे, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे लोह कमी निघाले तर रक्त कोठून तरी जात आहे असे धरून चालावे, आणि ते कोठून हे सापडेपर्यंत तपास सोडू नये. आमच्या संघाचे एक जुने सभासद, वय पन्नाशीच्या पुढचे, जिना चढताना बसू लागले. कोणी तरी शक्तीचे टॉनिक दिले. त्याने महिनाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. अखेर सरकारी रुग्णालयात दुर्बिणीने तपासले तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ सापडली. वेळेवर सापडली म्हणून शस्त्रक्रिया होऊन ते आज हिंडतेफिरते आहेत. नुसते टॉनिक चालू राहिले असते तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

ओळखावे कसे?

लवकर थकणे, जिना चढताना धाप, छातीत धडधड, डोके दुखणे, चक्कर, हातपाय गार पडणे ही लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत. खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, तळहात फिके दिसतात. नखे ठिसूळ होतात आणि फार दिवसांनी चमच्यासारखी खोलगट होतात. रात्री पाय स्वस्थ ठेववत नाहीत. एक लक्षण मात्र लोक लपवितात. ते म्हणजे माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असले खाण्याची ओढ. मुलाला माती खाताना पाहिले की आई पाठीत धपाटा घालते. त्याऐवजी त्याचे रक्त तपासून आणावे. गरोदर स्त्रीच्या मातीच्या डोहाळ्यांचे कौतुक करतानाही हे ध्यानात असू द्यावे.

ह्या आजाराचा कामावर किती परिणाम होतो ह्याची मोजदाद झालेली आहे. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांवर आणि श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर केलेले दोन अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाले. लोह दिल्यावर रक्तक्षयी मजुरांनी गोळा केलेला रबराचा चीक वाढला. लोह मिळालेल्या बायकांनी, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या बायकांपेक्षा, अधिक चहा खुडला. माणसे तीच, मळे तेच. अंगचोरपणा गोळीने बरा होत नसतो. तेव्हा त्यांच्या अंगी काय नव्हते ते उघड झाले.

आमच्या शहरातला एक दाखला देतो. यंत्रमागाच्या एका कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बाईंना काम संथ झाल्याबद्दल लेखी समज मिळाली. दुसरी मिळाली असती तर काम गेले असते. संघाने त्यांना आधी दवाखान्यात पाठविले. हिमोग्लोबिन निघाले सात. पाळीचा अतिरक्तस्राव कित्येक वर्षे चालू होता आणि तो त्यांनी घरातही कोणाला सांगितला नव्हता. रक्तस्रावावर औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांचे काम पूर्ववत झाले व समजपत्र मागे घेण्यात आले. त्या बाई मला म्हणाल्या, "भाऊ, मला वाटायचं माझंच मन कामात नाही." मालकाने दिलेले दूषण माणूस अखेर स्वतःच स्वतःला देऊ लागतो, हे मला ह्या आजारातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

सगळा रक्तक्षय लोहाचा नव्हे

इतके ऐकून उद्या सर्वांनी औषधाच्या दुकानात रांग लावावी असा माझा हेतू नाही. रक्तक्षयाची इतर कारणेही आहेत, आणि त्यांपैकी एकाचा शोध आपल्या मुंबईतच लागला. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आली. गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रसिद्ध संप झाला तेच हे वर्ष. गिरण्यांतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जबर रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. ह्या बायकांच्या रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या असत. यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होतात, असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. आज सरकारी गोळीत लोहाच्या जोडीला जे फोलिक आम्ल असते, त्याचा धागा असा गिरणगावातल्या गरोदर कामकरणीपर्यंत पोचतो.

लोहाची उणीव असली की रक्तपेशी लहान व फिक्या होतात. पण थॅलेसेमियाचा वारसा असलेल्यांच्या पेशीही लहानच असतात, आणि केवळ त्या वारशासाठी लोह देऊन काही उपयोग नसतो. विदर्भात व नंदुरबारकडे सिकल सेलचा आजार आहे. शुद्ध शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते. म्हणून तपासणीवाचून वर्षानुवर्षे गोळ्या खाऊ नयेत. रक्ताची पूर्ण तपासणी आणि शक्य तर फेरिटिन, एवढे पाहिले म्हणजे बहुतेक वेळा दिशा कळते.

ताटातले आणि गोळीतले लोह

आता जमेची बाजू पाहू. मांस, मासळी, यकृत ह्यांतले लोह शरीर सहज घेते. धान्य, डाळी, पालेभाज्या ह्यांतल्या लोहाचा थोडाच भाग आत जातो, कारण धान्यातले फायटेट, पालकातले ऑक्झलेट आणि चहातले टॅनिन त्याला अडवून धरतात. समजा, दिवसभराच्या भाकरी-आमटी-भाजीतून १५ मिलिग्रॅम लोह ताटात आले आणि त्यातले शेकडा ५ ते ८ आत गेले, तर हाती लागते पाऊण ते सव्वा मिलिग्रॅम. पुरुषाचे त्यात कसेबसे भागते, स्त्रीचे भागत नाही. ह्या एका हिशेबात देशातल्या आकडेवारीचे अर्धे उत्तर आहे.

ह्यावर घरगुती युक्त्या आहेत आणि त्या आपल्या आजीला ठाऊक होत्या. उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात आवळा किंवा पेरू असणे ह्याने लोह आत जाण्याचे प्रमाण वाढते. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबविले की फायटेट कमी होते. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजविली तर कढईतले थोडे लोह भाजीत उतरते. बाजरी, हळीव, मटकी, चवळी, माठ ताटात असावीत. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये, तासभर अंतर ठेवावे. कामावर निघताना चहा-बटर आणि दुपारी भाकरीवर पुन्हा चहा ही आमच्या लोकांची सवय त्यांच्याच हातातला घास हिरावून घेते. गुळाचे नाव फार मोठे आहे, पण चिमूटभर गुळाने तूट भरेल ही आशा धरू नये.

शिल्लक एकदा संपली म्हणजे मात्र आहार पुरत नाही, औषधच लागते. हे औषध जुने आहे. चरकाने पांडुरोगावर लोह आणि मंडूर सांगितले आहे. फ्रान्समध्ये ब्लो नावाच्या वैद्याने १८३२ साली लोहाची गोळी प्रचारात आणली. आज मिळणारी फेरस सल्फेटची गोळी तिचीच वारस होय. भारत सरकारने रक्तक्षयाविरुद्धची मोहीम १९७० साली सुरू केली आणि २०१८ पासून ती 'अॅनिमिया मुक्त भारत' ह्या नावाने चालते. तीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी व प्रौढ स्त्रियांना तांबडी गोळी आठवड्यातून एकदा देतात. गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक तांबडी गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ह्या गोळ्या आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत, शाळेत फुकट मिळतात. परंतु मिळालेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात, हे दुःख आहे.

त्या का पडून राहतात? त्याने मळमळते, पोट बांधले जाते, शौचास काळे होते. काळ्या रंगाने घाबरू नये, तो गोळीतल्या लोहाचा असतो. गोळी घेत नसताना डांबरासारखे चिकट काळे होत असेल तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो व लगेच डॉक्टर गाठावा. मळमळत असेल तर गोळी रात्री झोपताना किंवा थोड्या जेवणानंतर घ्यावी. थोडे लोह कमी जिरले तरी गोळी बंद करण्यापेक्षा ते बरे. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी व आम्लपित्ताचे औषध तिच्याबरोबर घेऊ नये. लिंबूपाणी चालेल. आणखी एक उपयुक्त गोष्ट अलीकडे कळली आहे. मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन वाढून सुमारे एक दिवस दार लोटलेले राहते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतला अधिक भाग शरीरात गेला असे दिसले. म्हणून ज्यांना रोज सोसत नाही त्यांनी गोळी टाकून न देता एक दिवसाआड घेण्याविषयी डॉक्टरला विचारावे. दिवसातून तीन-तीन गोळ्या घेऊन लवकर बरे होईन, हा हिशेब चुकीचा आहे.

दुकानातून घेताना वेष्टनावर क्षाराचे वजन न पाहता मूळ लोह किती ते पाहावे. फेरस फ्युमरेट १०० मिलिग्रॅम म्हणजे मूळ लोह सुमारे ३३ मिलिग्रॅमच. गोळी लागू पडली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढते. चढले नाही तर गोळी घेतली जात नाही, रक्त जातच आहे, ती आतड्यात जिरत नाही, किंवा निदान दुसरे आहे. अशा वेळी पुन्हा तपासून घ्यावे.

आणि सर्वांत मोठी चूक होते ती पुढेच. महिन्याभरात तरतरी येते, हिमोग्लोबिन बारावर जाते, आणि माणूस गोळी सोडतो. त्या वेळी चालू पगार सुरू झालेला असतो, निधी मात्र रिकामाच असतो. पुढच्या पाळीला, पुढच्या आजारपणाला पुन्हा तेच. म्हणून हिमोग्लोबिन ठीक झाल्यावर आणखी सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी. ज्यांना गोळी मुळीच सोसत नाही, किंवा गरोदरपणाचे दिवस भरत आले आणि रक्त फार कमी आहे, त्यांना रुग्णालयात शिरेतून लोह देतात. रक्त चढविण्याची वेळ फार थोड्यांवर येते. थोडे रक्त कमी निघाले की सलाईन लावून घेण्याची हौस मात्र सोडावी. मीठपाण्यात लोह नसते. आणखी एक इशारा: ह्या गोळ्या लहान मुलांना खाऊसारख्या दिसतात, आणि मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. त्या कुलपात ठेवाव्यात.

गोळीच्या पलीकडे

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, गोळ्या वाटणे हे मालकाच्या सोयीचे काम आहे. मजूर धडधाकट करून त्याच्याकडून जास्त काम काढावयाचे. हे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. पगाराऐवजी गोळी कोणी देऊ लागला तर ती नाकारली पाहिजे. पण पगार वाढेपर्यंत बाईने धापा टाकत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. गोळी आज घ्यावी आणि मागणी उद्याही चालू ठेवावी.

मागणी कशाची? कामाच्या जागी संडास आणि पाण्याची, जेवणाच्या सुटीची, स्वस्त धान्य दुकानात डाळीची. आणि ऊसतोडणीच्या बाईला पाळीत खाडा पडला म्हणून दंड होऊ नये ह्याची. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या रक्तस्रावावर पुष्कळदा औषधाने भागते, त्यासाठी तरुण बायका अवयव काढून घेण्यास तयार होतात, कारण खाडा परवडत नाही! लोहाच्या जमाखर्चाचे हे पान कोणत्याही प्रयोगशाळेत वाचावयास मिळत नाही. ते मजुरीच्या वहीत लिहिलेले असते.

आपण येथे जमलेले बहुतेक जण शहरवासी आहात. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी एखादी मुलगी वयात येत असेल, सून गरोदर असेल, धुणेभांडी करणारी बाई येत असेल. त्यांपैकी कोणी जिना चढून बसकण मारीत असेल तर तिला कामाची घाई लावण्यापूर्वी तिची पापणी पाहा, आणि सकाळी तिला तपासणीस जाण्यापुरती, तीही भरपगारी, सुटी द्या. निदान झाले तर गोळी चालू आहे की फडताळात आहे, एवढे महिन्यातून एकदा आपुलकीने विचारा. ह्याला पदवी लागत नाही.